बुधाजी तलावाचा तळ

लवू धुरीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गिरणीत होता तेव्हाही चारलाच. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत नळावर नंबर लावून, आंघोळ आणि चहा उरकून तो करी रोडच्या चाळीतून खाली उतरलेला असायचा. पुढे गिरणी राहिली नाही, पण बागेचं फाटक साडेपाचला उघडायचं आणि त्याआधी झाडलोट झालेली असावी लागे, म्हणून चार तेवढे राहिले. गणपतीच्या दिवसांत तो तीनला उठायचा. ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

बाग म्हणजे बुधाजी तलावाची बाग. परळच्या उत्तरेला, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे. मधे तलाव, त्याला चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, पायऱ्यांना लागून फिरायची वाट आणि वाटेच्या बाहेर झाडं, हिरवळ. एका कोपऱ्यात घसरगुंड्या, दुसऱ्यात कबड्डीसाठी मऊ मातीचं मैदान. तलावात पायडलच्या बोटी. एका खोलीत सात-आठ माणसं राहत असली की प्रत्येकाला दिवसात कधीतरी बाहेर कुठे बसावं लागतं. आमच्या भागातली माणसं इथे बसत. सकाळी फिरणारे, दुपारी अभ्यासाची मुलं आणि पाळी करून झाडाखाली आडवे झालेले, संध्याकाळी बायका आणि लहान पोरं. रविवारी बोटींसाठी रांग लागे.

गिरणीत असताना लवूही इथे येत असे. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, बायको अंबिका आणि मुलगी मालन यांना घेऊन. तो साचेखात्यात होता, म्हणजे कापड विणणारा, आणि साचेवाल्याची चाल वेगळी असे. पाण्याकडे तोंड करून बसायचं, शेंगा खायच्या, टरफलं तिथेच टाकायची. बागेत कामाला लागल्यावर पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं तीच टरफलं झाडत होतो, तेव्हा म्हणाला, "च्यायला, किती टाकायचो रे आम्ही." एवढं बोलून त्याने टोपी पुढे ओढली. ओळखीचं कुणी येताना दिसलं की तो टोपी पुढे ओढायचा आणि झाडाकडे तोंड करून झाडायचा. झाडाकडे तोंड करून झाडलं की कचरा मागे सुटतो आणि तीच जागा दोनदा झाडावी लागते. त्याला ते कळत होतं. तो दोनदा झाडायचा.

संप सुरू झाला ब्याऐंशीच्या जानेवारीत. लवू दीड वर्ष घरी बसला, मग गावी मालवणच्या बाजूला जाऊन शेतात राबला, परत आला. गिरणीचं फाटक त्याच्यासाठी उघडलं नाही. मीही तसाच संपात गेलेला, त्याच्या थोडा आधी बागेत रोजंदारीवर लागलो होतो. आमची जोडी लागली ती शेवटपर्यंत.

चाळीत त्याने सांगितलं होतं की बागेत माळी आहे. माळी आणि आम्ही यांत फरक होता. माळ्याच्या हातात कात्री आणि कलमाचा चाकू. आमच्या हातात खराटा, घमेलं आणि फावडं, आणि तलावाचं सगळं काम आमचं. पण माळी म्हटलं की चाळीतल्या बायकांना दूर्वा आणि जास्वंद आठवे. लवू जाताना रोज थोडी फुलं नेई. ती तोडायची परवानगी तो माधव माळ्याकडून मागून घेई. चाळीच्या देवांना ती फुलं वाहिली जात आणि लवूचं नाव चांगलं होतं.

आता तलावाचं काम. पाणी हिरवं, हात मनगटापर्यंत बुडवला की बोटं दिसत नाहीत. पायऱ्यांना शेवाळ, पायऱ्या संपल्यावर गाळ, आणि गाळ मध्याकडे उतरत जातो. पोटापासून छातीपर्यंत पाणी. वर्षभर आम्ही शेवाळ ओढायचो, निर्माल्य काढायचो, बोटींच्या खालची जलपर्णी उपटायचो. ओली जलपर्णी ओढताना पाठ वापरली की तिसऱ्या दिवशी माणूस घरी बसतो. गुडघ्यात वाकून, पायांनी मागे रेटत ओढायची. हे लवूला कुणी शिकवावं लागलं नाही.

गणपतीत या तलावात विसर्जन होई. दीड दिवसांचे, पाच दिवसांचे, गौरींबरोबरचे, मग अनंत चतुर्दशीचे. मूर्ती प्लास्टरच्या, त्या विरघळत नाहीत. रंग सुटतो, पाणी गढूळ होतं, मूर्ती तळाला तशीच बसून राहते. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आत पायऱ्यांजवळच्या तरी सगळ्या बाहेर काढून ट्रकमध्ये भराव्या लागत, कारण पूर्वी एकदा काठावर मांडलेल्या मूर्ती पाहून सकाळच्या फिरणाऱ्यांनी तक्रार केली होती. रंग गेलेले चेहरे बघून मुलं घाबरतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तीनला उठायचं.

पाण्यात दिसत काही नाही. मूर्ती शोधायची ती पायाने. पाय गाळावरून सरकवत जायचं, काही लागलं की थांबायचं, अंदाज घ्यायचा, मग खाली वाकून दोन्ही हातांनी उचलायचं. दुसरा मार्ग आकड्याचा. शीव कोळीवाड्याचा हरेश्वर बोटी सांभाळायचा, तो बोटीतून लांब काठीचा लोखंडी आकडा टाकून ओढायचा. आकड्याने काम लवकर होतं, पण आकडा मूर्तीच्या मानेत नाहीतर काखेत अडकतो आणि ती ओढताना मोडते.

लवू पहिल्या वर्षी पाण्यात उतरला तेव्हा मी शेजारी होतो. चार पावलं गेला आणि थांबला. मला वाटलं काच लागली. तर तो एकदम पाण्याखाली गेला. डोकंसुद्धा बुडालं. वर आला तेव्हा उजवा हात कपाळाला लावलेला होता.

आपला पाय कुणाला लागला की आपण वाकून हात लावतो आणि कपाळाला लावतो. पुस्तकाला लागला तरी करतो. लवूचा पाय गणपतीला लागला होता. हात लावायचा तर छातीभर पाण्यात पूर्ण खाली जाण्याशिवाय मार्ग नव्हता. तो खाली गेला, हात लावला, वर येऊन कपाळाला लावला, मग पुन्हा खाली जाऊन मूर्ती उचलली. दर मूर्तीला दोन बुड्या. जिथे एक पुरते.

मी म्हटलं, "अरे, उचलताना हात लागतोच की. तोच लाव कपाळाला."

"तो कामाचा हात झाला," तो म्हणाला.

आमचा मुकादम दौलत काठावर बसून विडी ओढत बघत होता. "काय रे धुरी, काढतोयस की पाया पडतोयस?"

"दोन्ही."

"मग पगार अर्धा देवाकडून घे."

हरेश्वर बोटीतून हसला. म्हणाला, "लवूदादा, आकडा घे. पाय लागायचा प्रश्नच नाही."

"आणि गळ्यात आकडा घालू? त्यापेक्षा पाय बरा." नंतर जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बरा कुठला."

उत्तरपूजा झाली की मूर्तीत देव राहत नाही, हे लवूला माहीत होतं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "डोक्याला पटतंय रे. पायाला पटत नाही." तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. वर्षं गेली, आम्ही कायम झालो, आणि लवूचं ते खाली जाणं इतकं अंगात भिनलं की पाय लागायचा आणि तो विचार न करता वाकलेला असायचा. उन्हाळ्यात निर्माल्यातला नारळ पायाला लागला तरी हात खाली जायचा, मग अर्ध्यात थांबायचा. कामाच्या मानाने तो आमच्यात सगळ्यांत जास्त थकायचा. त्याने एकदाही काम कमी केलं नाही.

घरी त्याने हे सांगितलं नव्हतं. चाळीतही नाही.

चाळीतलं त्याचं स्थान समजून घ्यायला हवं. चाळीचा गणपती लहान, दोन फुटांचा, पण जुना. विसर्जनाला मूर्ती पाटावर घेऊन पाण्यात जायचा मान लवूचा. त्याच्या वडिलांचा होता, त्यांच्यामागे त्याचा. पाट घेणारा दिवसभर उपाशी, अनवाणी. पाण्यात तीन वेळा बुडवून मूर्ती सोडायची, मग तळाची मूठभर माती पाटावर घेऊन परत यायचं. ती माती चाळीतल्या प्रत्येक खोलीत थोडी थोडी टाकली जाते. त्या दिवशी लवूसाठी बायका दारात पाण्याची कळशी घेऊन उभ्या असत, त्याचे पाय धुवायला.

बागेत लागल्यापासून लवूने पाट घेतला नव्हता. एका वर्षी म्हणाला कंबर धरली आहे. दुसऱ्या वर्षी ड्युटी. पुढच्या वर्षी पुन्हा ड्युटी, आणि ती खरीच असे. मिरवणूक गिरगावच्या चौपाटीला जायची आणि लवू बुधाजी तलावावर. चाळीत लोक बोलायला लागले होते की सरकारी नोकरी लागली आणि धुरी मोठा झाला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. चाळीचं मंडळ गणपत परब चालवायचे. लवूपेक्षा वयाने मोठे, एकेकाळी गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. चाळीतल्या निम्म्या खोल्यांतले पुरुष गावी गेले होते, तरण्या पोरांना चालत चौपाटीपर्यंत जायचा उत्साह नव्हता. गणपतरावांनी ठरवलं की या वर्षी विसर्जन बुधाजी तलावावर. आणि ते लवूला सांगायला बागेतच आले. आम्ही डबा खात होतो.

"आपला माणूस आहे इथे," ते म्हणाले. "गर्दीत पुढे सोडतील. काय?"

लवू म्हणाला, "पाणी घाण आहे हो, गणपतराव. चौपाटीचं बरं."

"घाण आहे, मग तुम्ही काय करता इथे दिवसभर?"

लवूने डब्याचं झाकण लावलं.

"आणि पाट तुझा. यंदा कारण सांगायचं नाही. तुझीच ड्युटी, तुझंच पाणी. मुकादमाशी मी बोलतो."

आणि ते बोललेही. दौलतला त्यांनी चहा पाजला. दौलत म्हणाला, "घेऊ दे की. कसा उतरतो ते तरी बघू."

चतुर्दशीच्या आदल्या आठवड्यात लवू माझ्याशी फारसा बोलला नाही. एकदा विचारलं, "उत्तरेच्या पायऱ्यांवर कमी लोक उतरतात ना?" मी म्हटलं, कमी उतरतात. "मग आमचा तिकडून नेतो." मी त्याला सांगितलं की दुपारपासून सुरू होतं, संध्याकाळपर्यंत तिकडेही असतील. त्याने मान हलवली. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्या संध्याकाळी चाळीची मिरवणूक उत्तरेच्या बाजूने आली. ढोल एकच, माणसं पन्नासेक, पुढे गणपतराव गुलालाने माखलेले. मी आणि हरेश्वर ड्युटीवर पाण्यात होतो, मी पायरीवर, तो बोटीत. काठावर आरती झाली. लवू धोतर नेसला होता, डोक्याला पंचा. इतक्या वर्षांत मी त्याला कामाच्या चड्डीशिवाय दुसऱ्या कपड्यांत पाहिलं नव्हतं. अंबिकावहिनी काठावर आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. लोक म्हणत होते, "बघा, धुरीला कशी वाट दिली." आणि खरंच दिली होती. आमच्यातल्याच एकाने दोरी धरून बाकीच्या मंडळांना थांबवलं होतं.

लवूने पाट दोन्ही हातांनी छातीपुढे धरला आणि तो पायऱ्या उतरायला लागला. पहिली, दुसरी. पाणी गुडघ्याला. तो पाय उचलून ठेवत नव्हता, सरकवत होता. आमच्या कामाची सवय. पाणी मांडीला आलं आणि त्याचा पाय लागला.

मी समोर होतो, मला दिसलं. त्याच्या डोळ्यांत काही आलं नाही, विचार नाही, काही नाही. उजवा हात पाट सोडून खाली गेला.

पाट उजवीकडे कलला. मूर्ती सरकली, पायरीच्या कडेवर आपटली आणि तोंडावर पाण्यात गेली. एक बुडीही झाली नव्हती. काठावरून "गणपती बाप्पा" अशी आरोळी निघाली होती, ती तेवढ्यावरच राहिली.

लवू वाकलेलाच होता. हात कपाळाला लावून तो सरळ झाला तेव्हा त्याच्या डाव्या हातात रिकामा पाट होता.

हरेश्वर पटकन म्हणाला, "शेवाळ आहे तिथे. कुणीही घसरतो. सकाळपासून दोघं पडले."

गणपतरावांनी तो आधार लगेच घेतला. "पाय घसरला ना, लवू? लागलं का तुला?"

हो म्हटलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. लोकांनी शेवाळाला शिव्या दिल्या असत्या.

"घसरला नाही," लवू म्हणाला. "पाय लागला."

"कशाला?"

"देवाला. खाली आहेत ना. दुपारचे."

कुणाला काही कळेना. मागून एक बाई म्हणाली, "काय म्हणतोय तो?"

मग लवूने सांगितलं. मोठ्याने नाही, पण ढोल थांबलेला होता आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "उद्या हे सगळे मीच काढतो. दरवर्षी मीच काढतो. पायाने शोधतो. म्हणून पाट घेत नव्हतो."

"पायाने?" ती बाई म्हणाली.

लवूने पाट गणपतरावांच्या हातात दिला. तळाची माती घ्यायची राहिली होती. त्याने हात पुढे केला नाही आणि कुणी त्याला सांगितलंही नाही. शेवटी गणपतरावच वाकले आणि कडेच्या पायरीवरचा थोडा गाळ पाटावर घेऊन वर चढले. मिरवणूक निघून गेली. अंबिकावहिनी ताटातला विझलेला दिवा हाताने झाकून सगळ्यांच्या मागून चालत गेल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. लवूच्या धोतराला गुलाल लागला होता, तो पाण्यात पसरत होता.

दुसऱ्या सकाळी तो तीनला उठून आला. मी म्हटलं, आज काठावर राहा, ट्रक भर. "नाही," म्हणाला. "आमचा तिथे आहे. मीच काढणार." त्या पायरीजवळ तो पायाने शोधत नव्हता. तिथे तो पुन्हा पुन्हा बुडी मारून हाताने चाचपत होता. हे फार अवघड काम. श्वास पुरत नाही, गाळ डोळ्यांत जातो. बाकीच्यांचं पंधरा मूर्तींचं काम झालं तेव्हा त्याला आपली एक सापडली. डावा कान तुटलेला, सोंड शाबूत. ती त्याने ट्रकमध्ये दिली नाही, पायरीवर ठेवली आणि बाकीच्या शोधायला पुन्हा पाण्यात उतरला. पाय लागला की खाली, हात कपाळाला, पुन्हा खाली.

फाटक उघडलं आणि फिरणाऱ्यांबरोबर अंबिकावहिनी आत आल्या. कठड्याशी उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या. लवूने पाहिलं तेव्हा तो नुकताच वर आला होता, हात कपाळावर.

"ह्याच करतात तुमी?" त्या म्हणाल्या. घरात ते दोघं मालवणीच बोलत.

"ह्याच."

"इतकी वर्षां?"

"इतकी वर्षां."

"केस ओले कित्याक म्हणान इचारलंय, तर सांगलात नळाखाली आंघोळ केलंय."

लवू पाण्यातच उभा राहिला. बाजूने दोन म्हातारे हात हलवत भराभर चालत गेले.

"माका सांगूक काय झाला होता?"

"सांगला असता तर तू माका देवापुढे बसाक दिलं असतंस?"

वहिनींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"नाय," त्या म्हणाल्या.

लवूने मान हलवली, जणू हेच बरोबर.

"आमचो खंयचो?"

त्याने पायरीवरची मूर्ती दाखवली. त्या वाकल्या, तुटलेल्या कानाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. मग पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढून कठड्यावर ठेवली. "हात धुवा आणि खावा," म्हणाल्या. थोडं पुढे जाऊन परत वळल्या. "पायव धुवा."

त्यानंतर लवूला कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला लागलं. भांडण झालं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. चाळीत पुढची दोन वर्षं गणपती पुन्हा चौपाटीला गेला, मग माणसं पुरेनात म्हणून परत तलावावर यायला लागला. पाट गणपतरावांचा पुतण्या घ्यायचा. त्याआधी एकदा गणपतरावांनी लवूला विचारलं होतं, "घेतोस का यंदा?" अशा आवाजात, की उत्तर 'नाही' एवढंच येऊ शकतं. एका खोलीतल्या म्हातारीने तलावाची माती घरात घ्यायला नकार दिला. आरतीला लवू जिन्याजवळ उभा राहायचा, आत यायचा नाही. फुलं न्यायचं त्याने थांबवलं. माधव माळी एकदा स्वतःहून जास्वंदी घेऊन आला, तर म्हणाला, "नको, माझ्या हातची आहेत हे कळलं तर वाहणार नाहीत." तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्याला तसं वाटत होतं, आणि वाटणं घालवायला तिथे कुणी नव्हतं. वहिनी घरात त्याच्याशी नीट वागायच्या. फक्त देवघराच्या फळीखाली तो झोपायचा तिथून त्याने स्वतःच अंथरूण दाराकडे सरकवलं.

मी त्याला सांगितलं, दुसऱ्या बागेत बदली मागून घे, आम्ही तलाव सांभाळतो. म्हणाला, "मग माझ्या जागी दुसरा कोण पाय लावणार?" काम तसंच चालू राहिलं. त्याच दोन बुड्या.

लवू माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला. तोवर बाग बदलली होती. फिरायच्या वाटेवर लाल फरशी आली, तिला ट्रॅक म्हणायला लागले. पायडलच्या बोटी गेल्या, हरेश्वर कोळीवाड्यात परत मासेमारीला लागला. करी रोडला गिरण्यांच्या जागी उंच इमारती यायला लागल्या आणि त्यांतली माणसं बूट घालून फिरायला येऊ लागली. फंडाचे पैसे हातात आल्यावर लवू पहिल्यांदा कुठे गेला असेल, तर लालबागच्या एका मूर्तिकाराच्या कारखान्यात. मला बरोबर नेलं होतं.

"शाडूची करता का? दोन फुटांची?"

मूर्तिकार हात पुसत म्हणाला, "करतो की. पण जड असते हो. तुमच्या चाळीत उचलणारे आहेत का?"

"आहेत. पाण्यात किती वेळ टिकते?"

"टिकते?" त्याला गंमत वाटली. "लोक विचारतात घरात किती दिवस टिकते. पाण्यात काय, सकाळपर्यंत चिखल."

"सगळी?"

"सगळी. आतला काथ्या राहील थोडा."

"काथ्या घालू नका."

"मग हात मोडेल हो गणपतीचा."

लवू विचारात पडला. "थोडा घाला," म्हणाला. "बारीक कापून."

गणपतराव तेव्हा काठी घेऊन चालायचे. आधी ते नको म्हणाले, प्लास्टरची हलकी पडते आणि स्वस्तही, पोरं कुरकुर करतील. लवू म्हणाला, मूर्तीचं सगळं मी देतो. गणपतरावांनी विचारलं, देणगीदारांच्या फळ्यावर नाव लिहू ना? लवू म्हणाला, नको. गणपतराव त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." त्यांना कळलं असावं.

त्या वर्षी विसर्जनाला लवू तलावाच्या कठड्याबाहेर उभा होता, रस्त्यावर. पुतण्याने मूर्ती नेली. जड होती, दोघांना धरावी लागली.

दुसऱ्या सकाळी मी पाण्यात होतो. फाटक उघडल्या उघडल्या लवू आत आला आणि लाल फरशीवरून, बूट घातलेल्या माणसांच्या मधून, चपला फटफटवत कठड्याशी आला.

"लागला?"

"नाही."

"पायरीच्या डाव्या अंगाला बघितलंस? गाळ उतरतो तिथे?"

"बघितलं."

"पुन्हा बघ. घाईने नको."

मी पुन्हा बघितलं. पायाने नाही, त्याच्यासाठी बुडी मारून हाताने बघितलं. गाळात थोडा काथ्या हाताला आला, बाकी काही नाही. मी तसं सांगितलं. शेजारी तळाला बाकी मंडळांच्या प्लास्टरच्या मूर्ती होत्याच, त्या मी काढत राहिलो, आणि तो कठड्याला धरून उभा राहिला, माझा पाय कुठे थांबतो ते बघत.

मालनचं लग्न आणि गावच्या घराची कौलं त्याच्या मजुरीतूनच झाली होती. फंडातलं जे उरलं, त्यातून तो होता तोवर दरवर्षी चाळीत शाडूची मूर्ती आली. त्याच्यामागे अंबिकावहिनींनी आणखी एक वर्ष आणली, तेव्हा पैसे संपले.